बिनमुळाचा वाळा

"पळ बायजा, राज्य तुझ्यावर!" कॉस्मास ओरडला आणि बायजा बांधावरून खाली घसरली.

घसरायची तिला धास्ती नव्हती. कोलशेतच्या खाडीच्या बांधावर आतल्या अंगाला वाळ्याचं गवत गच्च माजलेलं, आणि वाळ्याचं मूळ म्हणजे बैलानं ओढलं तरी सुटायचं नाही! तिनं सवयीनं एक झुबका पकडला. झुबका अलगद हातात आला आणि बायजा धपकन खालच्या गोड्या पाण्याच्या तळ्यात!

दोघं पोरं पोट धरधरून हसली. पंढरी हा तिचा आतेभाऊ, उन्हाळ्याच्या सुट्टीसाठी कल्याणहून आलेला. कॉस्मास शेजारच्या पाड्यातला, ठाण्याच्या शाळेत जाणारा. बायजाला शाळा नव्हती, पण तिघांत जीभ मात्र तिचीच लांब.

"दात काय काढता? हे बघा! याला मूळच नाही!"

पंढरीनं दुसरा झुबका ओढला. आला! तिसराही आला! खाली काळी माती नुसती भुसभुशीत.

"उंदीर असणार," पंढरी म्हणाला.

"हो ना!" बायजा म्हणाली. "कोयत्यानं सरळ कापून खाणारे उंदीर! आणि खाऊन झालं की शेंडे परत मातीत खोचून ठेवणारे! फारच गुणी बाई तुमचे उंदीर!"

कॉस्मास खो खो हसला, पण बायजा हसली नाही. बांधाच्या पलीकडे खाडी आणि अलीकडे तिच्या बाबांचं, काळुरामांचं भातशेत. घरात दुसरी जमीनच नव्हती. बांध फुटला, खारं पाणी आत शिरलं, की पुढची तीन वर्षं शेतात दाणा पिकायचा नाही. आणि उद्या अमावास्या! भरदुपारी उधाणाची भरती येणार.

"पण मुळं नेऊन करायचं काय कुणाला?" कॉस्मासनं विचारलं. "तुमच्या घरी काय करतात?"

"आई पाण्याच्या माठात जुडी टाकते. लुगड्यांच्या पेटीत ठेवते, म्हणजे कसर लागत नाही. उन्हाळी लागली की वाळा उकळून पाजते. पण त्याला लागतो किती? मूठभर!"

"मूठभर कसला!" पंढरी उसळून म्हणाला. "आमच्या कल्याणला आगगाडीच्या साहेबांच्या बंगल्यांना खिडक्याखिडक्यांवर वाळ्याचे पडदे असतात. पखालवाला दिवसभर त्यांवर पाणी मारतो. आत काय गारवा, काय वास! एका पडद्याला गाडाभर मुळं जात असतील."

गाडाभर मुळं गावाबाहेर न्यायची तर होडीच हवी. आणि धक्क्याला होडी एकच लागलेली, रतनशेठची. मुंबईच्या घोड्यांसाठी तो गवत नेत असे.

तिघं आधी सहदेवकाकांकडे धावली. बांधाची राखण त्यांच्याकडे. ते आंब्याखाली आडवे पडले होते.

"काका, वाळ्याची मुळं कोणी नेली?"

"जा रे, खेळा जाऊन. उन्हात डोकी फिरलीत तुमची!" काकांनी कूस बदलली, पण पोरांच्या नजरेला नजर काही दिली नाही.

मग पोरांनी बाबांना गाठलं, तसे काळुराम स्वतः गावच्या पाटलांना आणि चार जाणत्यांना घेऊन धक्क्यावर गेले. रतनशेठ होडीतल्या गवताच्या गंजीला टेकून चिलीम ओढत बसला होता.

"गवत आहे हो, निव्वळ गवत! हुंगून बघा ना!"

त्यांनी हुंगलं. गवताचाच वास! आतून भारे उपसायला शेठ काही तयार होईना. "माल विस्कटला तर भरून कोण देणार?" म्हणाला. भरती लागताच होडी सोडायची त्याची घाई चाललेली.

बायजा मात्र आईच्या फळीवरची जुडी आठवत होती. कोरडी असली की तिचा जेमतेम वास. माठात पडली की घरभर दरवळ!

"पाणी हवं," ती पुटपुटली. "पण तो पाणी मारू देईल होय?"

कॉस्मासचे डोळे चमकले. "आपण कशाला मारायचं? तोच मारील!" तो धक्क्यावर उभा राहिला आणि बेंबीच्या देठापासून ओरडला, "शेठ, चिलीम! ठिणगी पडली गंजीवर!"

"अरे देवा!" शेठनं चिलीम खाडीत भिरकावली. बादली उचलली, भरली, ओतली! पुन्हा भरली, पुन्हा ओतली! धूर ना जाळ, पण थांबून बघायचं भान कुणाला? पोरंही मोठ्या मनानं घागरी भरून देत होती.

आणि मग वास सुटला. थंड, गोड, ओल्या मातीसारखा. धक्काभर वाळाच वाळा!

"मुंबईचे घोडे वाळ्याचं सरबत पितात वाटतं, शेठ?" बायजानं विचारलं.

काळुरामांनी गवताचे भारे बाजूला फेकले. खाली मुळांच्या मोळ्याच मोळ्या! मागून आलेले सहदेवकाका मटकन खाली बसले.

"मीच खणू दिलं रे," ते म्हणाले. "वाटलं, शेंडे खोचले की वाळा पुन्हा मूळ धरतो..."

"धरतो, पण पावसात! आणि बांध धरण्याइतकं मूळ वाढायला वर्षं जातात!" काळुराम कडाडले. "उधाण उद्या हाय, सहदेव!"

भांडायला वेळच नव्हता. शेठचं सगळं गवत गावानं उतरवलं. शेठ खाली मान घालून भारे पुढे सरकवत होता. गवत आणि चिखल तुडवून पोकळ झालेल्या जागा भरल्या, खुंट ठोकले, दगड रचले. सहदेवकाका सगळ्यांच्या पुढे, गुडघाभर चिखलात. पोरांनी पाट्या वाहून वाहून हात सोलून घेतले.

दुसऱ्या दिवशी दुपारी खाडी फुगली. पाणी बांधाच्या माथ्याला चाटू लागलं. एका जागी बांध पाझरला, तशी सगळी तिकडे धावली आणि पायांनी चिखल दाबत उभी राहिली. "हलू नका!" काळुराम ओरडत होते. कोणी हललं नाही. बराच वेळ पाणी तिथेच डुचमळत राहिलं, मग हळूहळू उतरलं.

पण पाझरून किती आत गेलं? काळुराम बांधाखालच्या तळ्याशी वाकले. ओंजळभर पाणी घेतलं, जिभेला लावलं. सगळा गाव त्यांच्या तोंडाकडे बघत होता.

"गोडं!" ते म्हणाले. "गोडंच हाय!"

एकच गलका झाला! पाटलांनी पंढरी-कॉस्मासच्या पाठीवर अशा थापा मारल्या की दोघं कळवळले. "शाबास रे वाघांनो! आम्ही नुसतं हुंगून परत फिरत होतो!"

काळुरामांनी आजवर लेकीला कधी तोंडावर चांगलं म्हटलं नव्हतं. ते चिखलानं भरलेल्या बायजाजवळ आले आणि साऱ्या गावासमोर म्हणाले, "माजं शेत या पोरीनं राखलं."

आणि एवढी बोलघेवडी बायजा, पण तिनं लाजून बाबांच्या सदऱ्यात तोंड लपवलं.