काकांची फांदी

अध्यक्षसाहेब, आम्ही जेवायला गेलो तेवढ्यात तुम्ही काकांवर पांढरा रंग फासलात.

संग्रहालयाच्या भिंतीवर मी नात्यांच्या शब्दांचं झाड रंगवत होते. बुंध्याशी लॅटिन, वर तिच्या लेकी – फ्रेंच, स्पॅनिश, इटालियन. शब्द सांगायला भाषेचा माणूस तुम्हीच धाडलात. पहिल्याच दिवशी शिडीवरून माझा ब्रश त्याच्या खांद्यावर पडला. निळा डाग बघून म्हणतो, शर्ट जुनाच होता. साफ खोटं… नव्याची घडीही मोडली नव्हती. मी त्याला पंडित म्हणू लागले, तो मला पेंटरबाई.

सरळ रेघ आखायला खडू लावलेली दोरी दोघांनी ताणून धरावी लागते. दुसरं टोक तोच धरायचा. रेघ उमटल्यावरही सोडायचा नाही.

त्याने सांगितलं, लॅटिनमध्ये आपल्यासारखंच होतं – वडिलांचा भाऊ ‘पात्रुउस’, आईचा भाऊ ‘आवुंकुलुस’. पुढे फ्रेंचमध्ये मामाच्या शब्दाचा ‘ओंक्ल’ झाला आणि काकांनाही तीच हाक लागली. स्पॅनिश, इटालियन यांनी तर ग्रीकांकडून वेगळाच शब्द आणला. काकांचा शब्द मेला.

“म्हणजे मामा पाहुणा म्हणून आला आणि घर बळकावून बसला,” मी म्हटलं.

तो हसला, मग दोरी गुंडाळू लागला. त्याला काकांनीच वाढवलं होतं.

“माझ्या लग्नाची बोलणी करायलाही काकाच येतील.”

“कुणाकडे?”

“तिला अजून विचारलं नाही…”

म्हणून ‘पात्रुउस’ची ती वाळकी फांदी मी सगळ्यांत जीव लावून काढली. शनिवारी काका ती बघायला येणार होते. तुम्ही म्हणालात, मेलेल्या शब्दाने लोकांचा गोंधळ होतो. आणि पुसलीत.

काका आले. झाडातल्या त्या पांढऱ्या जागेपुढे उभे राहून विचारू लागले, “यात मी कुठे आहे?” पंडित पांढऱ्या रंगावरून हात फिरवू लागला. मी दोरीचं एक टोक काकांच्या हातात दिलं, दुसरं त्याच्या, आणि मधोमध ओढून सोडली. भिंतीवर निळी रेघ उमटली. काकांनी हळूच पुतण्याला विचारलं, हीच का ती? तो हो म्हणाला.

“मला विचारलंस?”

“आत्ता विचारतो… येशील आमच्या घरात?”

“येईन. पण बळकावून बसेन.”

फांदी पुन्हा रंगवली आहे, अध्यक्षसाहेब. पुसायची तर या, मी शिडीवरच आहे. पण ब्रश उचलण्याआधी एवढं सांगा – तुमच्या वडिलांच्या भावाला तुम्ही कोणती हाक मारता?