दोन वर्षांचा अ‍ॅडव्हान्स

बिरागो अन्साचं नशीब उघडलं, तेव्हा त्याला काळा-लाल काठ होता.

त्याचं असं झालं… फेब्रुवारीचा पहिला आठवडा. वाळवंटाकडून येणारा हरमाटान वारा महिनाभर कुमासी शहरावर धूळ चाळत बसला होता. दुपारी वीज गेली. वीज गेली की आयेदुआसे भागात एकाच दुकानात जनरेटर घरघरायचा – 'देवाची वेळच खरी' छपाई केंद्र. तिथे मयतांची पोस्टरं छापत. कुमासीत माणूस हयातभर कसाही राहो, मेल्यावर सहा फुटी रंगीत फलकावर झळकतोच. त्यामुळे मालकीणबाई आन्टी डुफी यांच्या धंद्याला मंदी ठाऊक नव्हती.

बिरागोला फक्त एक पत्र छापून हवं होतं. ते छापायला संगणकावर जो तरुण बसला होता तो एलिकेम डोत्से. संख्याशास्त्राचा पदवीधर. देशाला संख्याशास्त्रज्ञांची नितांत गरज आहे असं त्याला पदवीदानाच्या वेळी सांगण्यात आलं होतं. ती गरज प्रत्यक्षात येईपर्यंत तो मयतांची वयं मोठ्या टायपात टाकत असे.

"घ्या मॅडम."

बिरागोने कागद पाहिला. गुळगुळीत जाड कागद. चारी बाजूंनी काळा-लाल काठ. वर ठसठशीत अक्षरांत – 'परमेश्वराने हाक मारली.' आणि खाली – 'कुमारी बिरागो अन्सा, आम्हांस कळवण्यास आनंद होतो की…'

"मी मेले का?" तिने शांतपणे विचारलं.

"नाही… म्हणजे वय छापलेलं नाही, त्याअर्थी नसाल." त्याने कपाळाला हात लावला. "तुमच्या आधी एका एकोणनव्वद वर्षांच्या आजोबांचं काम चालू होतं. तो साचा तसाच राहिला."

"आणि वर डाव्या हाताने देताय."

"उजव्याला शाई आहे हो!"

ती हसली. हरमाटानमध्ये हसणं महागात पडतं. खालचा ओठ मधोमध फुटला. एलिकेमने खणातून शिया बटरची पत्र्याची डबी काढली आणि काउंटरवरून सरकवली. या वेळी उजव्या हाताने, शाईसकट.

"ओठ…" तो म्हणाला.

"काय?"

"काही नाही. लावा." आणि मग, नजर पत्राकडे गेल्यासारखं दाखवत, "कॅनडा? पाच वर्षांची पीएचडी? फी माफ, वर महिन्याला विद्यावेत–"

"हळू!" बिरागोने चमकून दाराकडे पाहिलं.

तिचं बरोबर होतं. परदेशी जाणारा माणूस तिथे विमान धावपट्टीवरून उठेपर्यंत चकार शब्द काढत नाही. कुणाची नजर लागेल, कुठली मावशी कुठल्या प्रार्थनासभेत आपलं नाव घेईल, नेम नसतो. लोक सख्ख्या शेजाऱ्याला पोचल्यावर फोन करतात, आणि शेजारीही 'मला वाटलंच होतं' म्हणतो. बिरागोचं हे पत्र आईखेरीज कुणालाही ठाऊक नव्हतं. आणि आता या शाईवाल्याला.

"कुणाला बोललात तर बघा."

"मी वोल्टाकडचा माणूस. तुम्ही इथले अशान्ती लोक आम्हाला एरवी तरी काय विचारता?" तो हसला. "शिवाय त्याच विद्यापीठात अर्ज मीही केलाय. पाच ठिकाणी केले, तीन नकार आले. तुम्ही माझं बोलू नका, मी तुमचं बोलत नाही."

सगळी प्रकरणं अशीच सुरू होतात – दोघांनी मिळून तिसऱ्याला काही न सांगण्यापासून.

त्यानंतर बिरागोला दर चार दिवसांनी काहीतरी छापायची गरज पडू लागली. ती कृषी विभागात शिकवणी सहायक होती. कोकोच्या झाडांना फांद्या सुजण्याचा जो रोग होतो त्यावर तिला संशोधन करायचं होतं. तो रोग तिच्या आजोबांच्या बागेतली निम्मी झाडं घेऊन गेला होता, आणि बिरागो त्याच्याबद्दल एखाद्या भाऊबंदाबद्दल बोलावं तसं बोलायची. "त्याला मी सोडणार नाही," म्हणायची. मार्चपर्यंत 'अहो' गळून पडलं. संध्याकाळी दुकानासमोर भाजलेली केळी विकणाऱ्या बाईच्या बाकावर दोघं बसायची, मध्ये शेंगदाण्यांचा पुडा.

तिच्याकडे एक वही होती. वहीत तीन रकाने. पहिल्याचं नाव 'बर्फ' – कॅनडातलं ते गवताळ मुलखातलं विद्यापीठ. दुसरा 'समुद्र' – दक्षिण आफ्रिकेच्या किनाऱ्यावरचं. तिथे प्रवेश मिळाला होता, शिष्यवृत्तीचा निकाल यायचा होता.

"म्हणजे लग्नाचं आमंत्रण आहे, पण डबा घरून आणायचा," एलिकेम म्हणाला.

"आणि तिसरा 'घर'. इथलं दोन वर्षांचं एम.फिल. पगार चिमूटभर, पण राहायला आई आहे."

एलिकेमलाही इथलं एम.फिल. मिळालं होतं. संख्याशास्त्राची इमारत कृषी विभागाला लागून होती. ही भौगोलिक बाब अलीकडे त्याच्या वारंवार लक्षात येत असे.

मार्चच्या अखेरीस 'समुद्रा'ची ईमेल आली. ती उघडायला बिरागो दुकानात आली, म्हणाली, "तू उघड. माझा अंगठा ऐकत नाहीये." त्याने उघडली. 'अर्जांची संख्या लक्षणीय असल्यामुळे…' पुढचं वाचावं लागलं नाही. तिने वही काढली, दुसऱ्या रकान्यावर सरळ रेघ मारली, पट्टीने.

"रडायचं असेल तर… आन्टी जेवायला गेल्यात," तो म्हणाला.

"पुढचं." ती म्हणाली. "तुझं काय आलं?"

"बर्फवाल्यांनी प्रतीक्षायादीत टाकलंय. चौथा."

"चौथा म्हणजे चांगलं की वाईट?"

"संख्याशास्त्राच्या दृष्टीने, आणखी तीन अर्ज करून ठेवावेत." ते त्याने आदल्या रात्रीच भरायला घेतले होते.

तिने केळ्याचा मोठा तुकडा त्याच्याकडे सरकवला. कुमासीची मुलगी मोठा तुकडा सहजासहजी सोडत नाही.

पण 'बर्फ' रकान्यातही एक खड्डा होता. तिने वही त्याच्यापुढे धरली. "खोलीचं भाडं महिना सातशे डॉलर. गुणिले चोवीस. सोळा हजार आठशे. विद्यावेतन सप्टेंबरपासून दरमहा येणार, पण किल्ली घेताना हे कुठून आणू?"

एलिकेमने गुणाकार तपासला. बरोबर होता. चोवीसने का गुणायचं, हा प्रश्न त्याच्याही डोक्यात आला नाही. कुमासीत घरमालक दोन वर्षांचं भाडं आगाऊ घेतो. कायद्यात सहा महिने लिहिलेत. पण कायदा पुस्तकात राहतो, त्याला भाडं पडत नाही. आणि तिकडची खरी रीत विचारायची तर कुणाला? विचारलं की जाणार असल्याचं कळणार.

"आई काय म्हणते?"

"आई फ्रीझर विकायला निघालीय. दोन्ही." तिची आई मामे फोकुओ गोठवलेले मासे विकायची, त्या दोन फ्रीझरांवर घर चालत होतं, धाकट्या दोघांच्या शाळा चालत होत्या. "गिऱ्हाईक घरी आलं होतं. मी हाकललं. थंडी विकून थंडी विकत घ्यायची? मी जाईन तर कुणाचं काही न मोडता. नाहीतर जाणार नाही."

'बर्फा'ला होकार-नकार कळवायची मुदत पंधरा एप्रिल, सोमवार.

त्याआधीच्या शुक्रवारी एलिकेमला एक ईमेल आली. आशा चौथ्या क्रमांकावर असली तरी आशाच, म्हणून त्याने त्या विद्यापीठाच्या निवास कार्यालयाला खोल्यांबद्दल विचारून ठेवलं होतं. उत्तर चार ओळींचं होतं. पहिल्या महिन्याचं भाडं, अधिक अर्ध्या महिन्याची अनामत. पुढे दरमहा. बस.

त्याने ते दोनदा वाचलं. मग तिसऱ्यांदा, शत्रूचं पत्र वाचावं तसं.

एक हजार पन्नास डॉलर. एवढे तर तिने शिकवणी घेऊन साठवलेले होतेच. म्हणजे हे तिला सांगितलं की ती गेली. नाही सांगितलं, तर… लागून असलेली इमारत. भाजलेली केळी. दोन वर्षं, रोज. आणि खोटं तर काहीच बोलायचं नव्हतं. नुसतं गप्प राहायचं. गप्प राहणं ही तर गावाची संस्कृतीच होती.

शनिवारी सकाळी तो एका अंत्यविधीला फलक पोचवायला गेला. मांडवाखाली बिरागो होती, आईसोबत, काळ्या-लाल कापडात. ढोल सुरू होते. ती नाचायला उभी राहिली – मनगटं सावकाश वळवत, पावलं जमिनीला विचारून टाकल्यासारखी. एलिकेम फलकाची दोरी हातात धरून उभा राहिला. मयताच्या नातेवाइकांना वाटलं, हा माणूस फार जवळचा असणार.

नाच संपवून ती घामाघूम त्याच्याकडे आली. "ठरलं. सोमवारी बर्फाला नकार. तुझ्याच दुकानात टाइप करते."

"नक्की?"

"नक्की. मग दोन वर्षं तुझं तोंड बघायचं. सहन करीन." आणि ती अशी हसली… ओठ फुटण्याचे दिवस संपले होते, तरी एलिकेमचा हात खिशातल्या डबीकडे गेला.

मामे फोकुओंनी लांबून विचारलं, "कोण गं हा?"

"छापखान्यातला."

"मग इतका का रडवेला झालाय? त्याचं कोण गेलं?"

एलिकेमने फलक बांधला, वाढलेला भात खाल्ला, तो कशाचा होता ते त्याला कळलं नाही. रविवारी चर्चमध्ये पाद्रीबुवांनी मौनाच्या सामर्थ्यावर प्रवचन दिलं. देवही आपल्या बाजूने आहे की काय, अशी शंका त्याला आली. मग त्याला बिरागोचा आवाज आठवला – 'त्याला मी सोडणार नाही.' आजोबांची झाडं. पट्टीने मारलेली रेघ. रडायचं असेल तर, असं विचारल्यावर ती म्हणाली होती – 'पुढचं.' अशा मुलीला शेजारच्या इमारतीत ठेवायचं, तर तिने ती इमारत स्वतः निवडलेली असावी. चुकीच्या गुणाकाराने आलेली मुलगी आपली नव्हे… ती त्या गुणाकाराची.

सोमवारी नऊला ती आली. "खुर्ची दे. दोनच वाक्यं आहेत."

"आधी हे बघ." एलिकेमने छपाईयंत्रातून गरम कागद काढला आणि दिला. उजव्या हाताने.

गुळगुळीत जाड कागद. काळा-लाल काठ. वर – 'परमेश्वराने हाक मारली.'

"आता कोण गेलं?"

"तुझा दोन वर्षांचा अ‍ॅडव्हान्स. वय चोवीस महिने."

तिने काठाच्या आतल्या चार ओळी वाचल्या. परत वाचल्या. वही काढली, आकडा खोडला, एक हजार पन्नास लिहिला. मग हात थांबला.

"एलिकेम… ही ईमेल शुक्रवारची आहे."

"हो."

"आज सोमवार."

"हो."

"तीन दिवस काय केलंस?"

त्याने शाईने काळ्या झालेल्या बोटांकडे पाहिलं. "अडीच दिवस वाईट माणूस होतो. काल संध्याकाळपासून बरं वाटतंय."

"का?"

"शेजारची इमारत…" त्याने बोटं फडक्याला पुसली. "मला फार आवडली होती. इमारतीपेक्षा… तिच्यात येणारी. आवडली होती नव्हे. आवडते."

बिरागो उठून दारापर्यंत गेली. एलिकेमला वाटलं, संपलं. बाहेर आभाळ भरलं होतं, केळीवाली छत्री रोवत होती. मग ती वळली, संगणकासमोरच्या खुर्चीवर बसली आणि टाइप करू लागली. फाडफाड, कळफलक तुटेल असं. 'मी आपला प्रस्ताव आनंदाने स्वीकारत आहे.' पाठवलं. मग खुर्ची गर्रकन फिरवली.

"ऐक. मी इथे तुझ्यासाठी थांबत नव्हते. फ्रीझरसाठी थांबत होते. हे नीट समजून घे."

"समजलो."

"तू बोलला नसतास आणि मला नंतर कळलं असतं, तर तुझं पोस्टर मी स्वतः छापलं असतं. बिनरंगी. स्वस्तातल्या कागदावर."

"आन्टी सवलत देतात."

तिला हसू आलं. ते आवरायला तिने ओठ चावला. "तुझा नंबर?"

"तिसरा. एक जण गळला. नाही लागला तर पुढच्या वर्षी परत. नवे तीन अर्ज काल पूर्ण भरले."

"काल? वाईट माणसाला वेळ मिळाला वाटतं."

"संध्याकाळी." मग तो एकदम म्हणाला, "बिरागो, मी इथलाच माणूस आहे. इथल्या रीतीने मागतो. मला… दोन वर्षं आगाऊ हवीत."

तिने वही मिटली. जनरेटर घरघरत होता.

"कायद्यात सहाच महिने आहेत," ती म्हणाली.

"कायदा पुस्तकात राहतो."

"आणि दोन वर्षांत तू तिकडे आला नाहीस तर?"

"येईन. आणि नाहीच आलो तर करार तिथेच संपला. तू मोकळी. भाडं वाढवणार नाही."

बिरागोने कोकोचा रोग निरखावा तसं त्याला निरखलं – लपायला कुठे जागा आहे का, ते बघत. नव्हती.

"दिली," ती म्हणाली. "दोन वर्षं. एकरकमी. पण घरमालकाने मधल्या काळात खोली दुसऱ्या कुणाला दाखवायची नाही."

"आणि भाडेकरूने बर्फात विरघळायचं नाही."

"पावती दे."

"इथे कुठला घरमालक पावती देतो?"

"तू देणार आहेस."

त्याने खिशातली डबी आधी तिच्या हातात ठेवली – नवीकोरी, काठोकाठ भरलेली; बर्फाच्या मुलखात ओठ हरमाटानपेक्षा वाईट फुटतात, असं त्याने वाचलं होतं. तिने झाकण उघडलं, बोटाच्या टोकावर थोडं घेतलं आणि लावलं… त्याच्याच ओठांना. हलकेच, एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत. त्याचे ओठ मुळीच फुटलेले नव्हते, हे दोघांनाही दिसत होतं.

मग त्याने पावती छापायला घेतली. तेवढ्यात आन्टी डुफी आत आल्या. पडद्यावर दोन नावं, एक तारीख आणि सभोवती स्वच्छ पांढरा काठ बघून त्यांनी चष्मा वर केला.

"काळा-लाल संपला काय रे?"

"नाही आन्टी," एलिकेम म्हणाला. "ही दोघं जिवंत आहेत."