मिशी आणि पोचा

पैज लागली मिशीवर, आणि लावली मिशीच्या मालकानंच.

शनिवारी सकाळी नऊच्या सुमाराला सोसायटीच्या पार्किंगमध्ये चिकित्साची गाडी आली. चिकित्सा हे तिचं खरं नाव नव्हे. ते तळमजल्यावरच्या मिशीकाकांनी ठेवलेलं. पोरगी तपासणीच्या लॅबमध्ये कामाला, दिवसभर सूक्ष्मदर्शकाला डोळा लावून बसायची आणि घरी आल्यावरही तो डोळा काढून ठेवायची नाही. टोमॅटोसुद्धा उजेडात धरून घेणारी बाई, ती गाडी काय अशीतशी घेणार? तीन महिने वही घेऊन हिंडली. आईचा दुखरा गुडघा एका रकान्यात, डिकी दुसऱ्यात, मायलेज तिसऱ्यात. शेवटच्या रकान्यावर लिहिलेलं होतं, 'मजा'.

पहिली गाडी बघितली ती ऐसपैस होती, पण चालवताना कपाट ढकलल्यासारखं वाटायचं. दुसरी दोन दारांची, लालभडक, पळायला तुफान. तिच्यात आईला मागे बसवायचं म्हणजे आधी आईची घडी घालायला हवी. तिसरी ही. छोटी, पाच दारांची, मोहरीच्या रंगाची, एकाच मालकानं वापरलेली. आईचा गुडघा न कुरकुरता आत गेला. आणि पहिल्याच वळणावर गाडी अशी झुकली, की चिकित्सा मोठ्यांदा हसली. शेजारी बसलेल्या विक्रेत्यानं पट्टा घट्ट धरला होता. "एकदाही ठोकलेली नाही, मॅडम," तो म्हणाला. 'मजा'च्या रकान्यात दहापैकी दहा पडले.

काका गाडीभोवती दोन चकरा मारून आले. वय चोपन्न, अक्कल चौदाची, असं काकूच म्हणायच्या. चालू लिफ्टला 'बंद आहे'चा कागद चिकटवून, धापा टाकत जिने चढणारी माणसं खुर्ची टाकून बघत बसायचं, हा यांचा विरंगुळा. मिशी मात्र राजाची. दोन्हीकडे वर वळलेली, लवंगेच्या वासाचं मेण लावून ताठ केलेली. आणि चिकित्साचे वडील गेल्यावर तिला क्लच कसा सोडायचा ते शिकवलं, ते याच माणसानं.

"महिनाभरात पोचा पडणार," काका म्हणाले. "पहिली गाडी आणि पोचा नाही? लाव पैज."

"नाही पडला तर?"

"तर ही मिशी. इथंच, सगळ्यांसमोर, माझ्या हातानं भादरीन. आणि पडला तर वर्षभर माझी गाडी धुवायची. गाणं म्हणत."

"लाव गं," काकू खिडकीतून ओरडल्या. "तीस वर्षं त्या मिशीतून चहा गाळलेला बघतेय मी."

अट एकच. तिसाव्या दिवशी गाडी इथं सगळ्यांना दिसली पाहिजे. नाही दिसली, तर चिकित्सा हरली.

नवव्या दिवशी सकाळी ती खाली आली, तर डावं दार हातभर खरवडलेलं होतं आणि आरसा वायरींवर लोंबत होता. तिनं आधी काकांच्या खिडकीकडे बघितलं. दुसरं कोण असणार? पण आरडाओरडा केला तर पोचा जगजाहीर व्हायचा. तिनं आरसा चिकटपट्टीनं बांधला आणि गाडी गुपचूप डेंटरकडे नेली.

डेंटर म्हणजे मांडीएवढे दंड असलेला माणूस. आयुष्यभर पत्रा ठोकून एका कानानं ठार बहिरा, त्यामुळे साधं 'या'सुद्धा भांडल्यासारखं म्हणायचा. त्यानं दार सरळ केलं आणि ओरखड्यात भरलेला हिरवा रंग पुसून काढला. "हिरव्या गाडीनं घासलंय, ताई!" तो ओरडला.

दोन दिवसांनी पुलावर एका हिरव्या टेम्पोनं तिला घासलं. डावं दार. हातभर. आरसा वायरींवर.

"अहो, हे तर मी परवाच केलं!" डेंटर म्हणाला. कामाआधी फोटो काढून ठेवायची त्याची सवय. त्यानं मोबाईल दाराशेजारी धरला. एकेक ओरखडा जुळत होता. अगदी खाली जिथं ओरखडा माशाच्या शेपटीसारखा फाटला होता, तिथपर्यंत.

चिकित्सानं वहीत लिहिलं, 'योगायोग'. आणि त्याखाली दोन रेघा मारल्या.

अठराव्या दिवशी सकाळी पुढचा बंपर आत गेलेला होता. नंबरप्लेट दुमडलेली, एक दिवा फुटलेला. फुटक्या काचेत निळ्या कापडाची चिंधी अडकली होती, आणि चिंधीला रक्त. तिचं रोजचं काम रक्ताचंच, त्यामुळे ती किंचाळली नाही. बोट लावून बघितलं. ओलं होतं.

डेंटर बंपरसमोर उकिडवा बसला. बराच वेळ नुसता हात फिरवत राहिला.

"कुणाला उडवलंत?"

"कुणालाच नाही. रात्रभर पार्किंगमध्ये होती."

"ताई, लोखंडाला लोखंड लागलं की कोपरा पडतो. हा गोल आहे." त्यानं आयुष्यात पहिल्यांदा आवाज खाली आणला. "ही मांडी आहे."

तो हातोडा घेऊन उठला आणि त्यानं तो पोचा असा बडवला, की जणू साप ठेचतोय.

पुढचे दोन दिवस तिनं गाडी काढलीच नाही. तिसऱ्या दिवशी आईला डॉक्टरकडे सोडून येताना लांबलचक सिग्नल लागला. तिनं इंजिन बंद केलं, हँडब्रेक वर ओढला. समोरून निळ्या गणवेशातला कुरियरवाला बंद पडलेली स्कूटर ढकलत चालला होता.

निळा रंग डोक्यात शिरायच्या आत गाडीनं उडी मारली.

ओली काठी गुडघ्यावर मोडावी तसा आवाज झाला. माणूस बॉनेटवर आदळून खाली घसरला. निळी पँट फाटून मांडीतून हाडाचं पांढरं टोक बाहेर आलं होतं, आणि तो ते हातानं परत आत ढकलायला बघत होता. लोकांनी दार उघडून चिकित्साला बाहेर खेचलं. कुणीतरी तिच्या दोन मुस्काटात ठेवून दिल्या. कुणीतरी केस धरले. पोलिसानं आत वाकून बघितलं. हँडब्रेक वर, चावी बंद. "उतार असेल," तो म्हणाला. रस्ता ताटासारखा सपाट होता.

दवाखान्यात कुरियरवाल्याच्या मांडीत सळया घातलेल्या होत्या. तिला बघून तोच म्हणाला, "ताई, तुमची चूक नाही. मी बघत होतो तुमच्याकडे. दोन्ही हात वर करून केस बांधत होतात तुम्ही."

त्या दिवशी तिनं गाडी डेंटरच्या शेडमध्ये टाकली. भंगारात काढा म्हणाली. घरी आईला सांगितलं, सर्व्हिसिंगला दिलीये. गाल सुजला होता, त्यावर लॅबच्या फ्रिजचं दार लागल्याची थाप मारली. मार खाल्ल्यावर थापाही माराव्या लागतात, हे तिला त्या आठवड्यात कळलं.

सत्ताविसाव्या दिवशी सकाळी डेंटरचा फोन आला. "ताई, या. शेडला कुलूप होतं. मी हात लावलेला नाही."

समोरची काच आतल्या बाजूला फुटली होती. मधोमध तारा पडलेला, आणि त्याच्या मध्यावर एक लाल डाग. काचेच्या जरा खाली, बॉनेटच्या पत्र्यात, शेजारी शेजारी दोन खळगे. वाटीएवढे, गोल. ताऱ्याच्या फटीत केस अडकले होते.

तिनं चिमट्यानं केस काढले, प्लास्टिकच्या पुडीत घातले, वर तारीख टाकली. सवयच तशी. लॅबमध्ये सूक्ष्मदर्शकाखाली ठेवले. जाड, आखूड, करडे. टोकं स्वच्छ, तिरपी कापलेली. 'काचेच्या धारेनं', तिनं लिहिलं. केसांवर पांढरं काहीतरी वाळून बसलं होतं. 'काचेची पूड', तिनं लिहिलं. मग तिनं पुडी नाकाशी नेली.

लवंग.

तिनं वहीतल्या मागच्या तारखा काढल्या. आधी पोचा, मग धडक. मध्ये पहिल्या वेळी दोन दिवस मिळाले होते, दुसऱ्या वेळी तीन.

संध्याकाळी तिनं काकांना सगळं सांगितलं. टेम्पो, मांडी, सळया, पुडी. काका इतके हसले, की त्यांना ठसका लागला.

"पोरी, तीस वर्षं मी लोकांना टोप्या घातल्या. आता तू मला घालतेस? माझे केस चोरलेस कधी गं?"

"काका, पाया पडते. चार दिवस गावाला जा."

"आणि पैज? रविवारी गाडी आण. नाही आणलीस तर हरलीस. पाण्याची बादली तयार ठेव."

हा माणूस हलणार नाही, हे तिला कळलं. मग तिनं तिच्या पद्धतीनं विचार केला. पुरावा काय? केस. मिशीच राहिली नाही, तर काचेत केस अडकतील कुठून? ओठ मोकळा असला, तर हा पोचा खोटा पडलाच पाहिजे. म्हणजे मिशी जायला हवी. म्हणजे पैज जिंकायला हवी. म्हणजे गाडी रविवारी पार्किंगमध्ये हवी, एकही पोचा नसलेली.

डेंटरनं दोन दिवस राबून काच बदलली, खळगे उठवले, रंग दिला. शेवटी तो म्हणाला, "रंग कंपनीचा होता, ताई. पूर्वी खरंच कुणी ठोकलेली नाही. पण पत्रा थकलाय. शंभरदा बडवून सरळ केल्यासारखा."

बॅटरी काढली. ती जड धोंड चिकित्सानं स्वतः तीन जिने चढवून आपल्या पलंगाखाली ठेवली. रविवारी सकाळी डेंटरनं गाडी दोरानं ओढत आणली, भिंतीला पाठ लावून सावलीत उभी केली आणि चारही चाकांना पुढूनमागून विटा लावल्या.

"इतका बंदोबस्त?" जमलेल्या लोकांत कुणीतरी म्हणालं. "गाडी आहे का बैल?"

काका खाली आले तेच मुळी वरातीसारखे. खांद्यावर टॉवेल, हातात फेसाचा मग, कानावर वस्तरा. त्यांनी गाडीभोवती फिरून बोट फिरवलं. वाकले. डोळा बारीक केला. पोचा नव्हता.

"हरलो!" त्यांनी हात वर केले. टाळ्या पडल्या. काकूंनी खिडकीतून थाळी वाजवली. चिकित्साचे खांदे महिन्यात पहिल्यांदा खाली आले.

"आरसा देऊ का?" काकूंनी विचारलं.

"आरसा कशाला? एवढी लख्ख काच आहे की समोर."

आणि कुणी काही म्हणायच्या आत काकांनी मग बॉनेटच्या कडेला ठेवला, एक गुडघा बॉनेटवर टाकला, मग दुसरा.

"काका, उतरा!"

"अगं, दिवस अजून संपलाय कुठं?" काकांनी डोळा मारला. "माझ्या गुडघ्यानं पोचा पडला, तर पैज उलटली. असं कुठं ठरलंय, की पोचा मी पाडायचा नाही?"

लोक खो खो हसले. ती धावली, पण पुढे गर्दी होती आणि सगळ्यांना मिशी बघायची होती.

काकांनी नवीन काचेत तोंड खुपसून डावीकडचा झुपका उडवला. वस्तरा स्वच्छ, तिरपा फिरला. त्यांनी पातं काचेवर मधोमध निपटलं. पांढऱ्या फेसाचा गोळा तिथं चिकटला. त्यात करडे केस.

तिरपे कापलेले. वर पांढरं काहीतरी.

काचेची पूड नव्हती ती.

"काका!" तिनं एकाला ढकललं, दुसऱ्याच्या पायावर पाय दिला, आणि काकांचा सदरा तिच्या मुठीत आला. तिनं जिवाच्या आकांतानं ओढलं.

"ओढू नकोस गं, कापेल," काका हसत म्हणाले. अर्धी मिशी होती, अर्धी नव्हती. मग त्यांनी गुडघा जरासा उचलला आणि मागे वळून बघितलं. हसू अजून तोंडावरच होतं.

"काय गं, आत्ता चालवून आणलीस की काय? बॉनेट तापलंय."

डेंटर आपला चांगला कान गाडीकडे वळवून उभा होता.

कडेला ठेवलेल्या मगात फेसावर बारीक बारीक लाटा उठत होत्या.