एक बोट जागा

त्या दिवशी बाबांनी तिला दोनदा हाक मारली, आणि दोन्ही वेळा ती "आले, आले" म्हणत जागची हलली नाही. पुढ्यात तपासायच्या प्रुफांचा गठ्ठा होता, संध्याकाळपर्यंत छापखान्यात पोचवायचा होता. बाबा परसात टोमॅटोच्या वाफ्याशी उकिडवे बसले होते. गळ्यात टेप. शिवणकामाचं दुकान बंद करून चार वर्षं झाली तरी ती टेप गळ्यातून उतरली नव्हती. आता माणसांऐवजी झाडांची मापं घेतली जात.

"मास्तरीणबाई, टेपचं एक टोक धरता का?"

"पाच मिनिटं, बाबा."

पाचाची पंधरा झाली. बाबांनी टोकावर वीट ठेवली आणि काम उरकलं. हात धुऊन आत आले तेव्हा म्हणाले, "विटेने छान धरलं. तुझ्यापेक्षा बोलतेही कमी."

जेवताना त्यांनी सांगितलं, की गावाच्या पार पलीकडच्या वखारीत जाऊन वीस बांबू निवडून आलोय, या वर्षी मांडव बांधणार, टोमॅटो जमिनीवर लोळू देणार नाही. तिने नुसतं हूं केलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी बाबा उठलेच नाहीत.

येणारी माणसं येऊन गेली. मावशी आठवडाभर राहिली, सगळे डबे घासूनपुसून गेली. मग घरात एकाच माणसाच्या वावराचा आवाज उरला, आणि तो आपलाच आहे हे कळूनही ती अधूनमधून दचकायची.

तीन आठवडे झाले असतील. एका रविवारी फाटक वाजलं. बाहेर टेम्पो उभा होता आणि खांद्यावर बांबूंची मोळी घेतलेला एक तरुण फाटकात आडवा-उभा होऊन आत शिरायची वाट शोधत होता.

"ताई, काकांना बोलवा. वखारीतून आलोय म्हणावं. माल ओला होता म्हणून उशीर झाला. त्यांची बोलणी खायची तयारी करूनच आलोय."

तिने तोंड उघडलं. तो घाम पुसत तिच्या खांद्यावरून आत बघत होता, उत्सुकतेने, आता कोणीतरी बाहेर येणारच अशा खात्रीने. तिच्या मनात आलं – साऱ्या जगात या एकाच माणसाच्या लेखी बाबा अजून आहेत.

"बाबा मावशीकडे गेलेत," ती म्हणाली. "राहतील थोडे दिवस."

"अरेच्चा." त्याने मोळी उतरवली आणि वाफ्याकडे पाहिलं. रोपं वाढून एकमेकांच्या अंगावर कलंडली होती. "ते येईपर्यंत ही थांबायची नाहीत. मी उभारू का मांडव? रविवारी वखार बंदच असते. फक्त फोन करून त्यांना विचारा. माझ्या हातचं काम त्यांना चालेल का ते."

ती स्वयंपाकघरात गेली. बंद फोन कानाला लावून उभी राहिली. मग बाहेर येऊन म्हणाली, "चालेल म्हणाले."

तिथून ते सुरू झालं. पहारीने खड्डे घेताना तो विचारायचा, "खोडापासून वीतभर सोडतोय, मुळं तुटायला नकोत. काकांना विचारा, बरोबर?" ती आत जायची, नळाचे थेंब मोजायची, परत यायची. बरोबर म्हणाले. उंची छातीएवढी पुरेल म्हणाले. आणि पहिल्याच दिवशी, तो निघालेला पाहून, तिच्या तोंडून आपसूक गेलं, "चहा घेतल्याशिवाय सोडू नकोस म्हणाले."

चहा पिताना तो बाबांबद्दलच बोलायचा. "प्रत्येक बांबूला टिचकी मारून बघत होते. एक मला परत ठेवायला लावला. म्हणाले, हा आतून किडलाय पण कबूल करत नाही. आणि माझा शर्ट बघून म्हणाले, तुझा डावा खांदा अर्धा इंच खाली आहे, ओझी बदलून घेत जा."

"मग? घेता बदलून?"

"तेव्हापासून घेतो. बघा ना, फरक पडलाय का."

तिने बघितलं. गरजेपेक्षा जरा जास्तच वेळ बघितलं... मग कप उचलून आत गेली.

दुसऱ्या रविवारी उभे बांबू रोवून झाले, आडवे बांधून झाले. तिने एक टोक धरलं, त्याने दुसरं. त्या दिवशी केव्हातरी ताई म्हणणं गळून पडलं. तिच्या लक्षात आलं; आपल्या लक्षात आलंय हे त्याच्या लक्षात येऊ नये असं ठरवूनही तिने विचारलं, "आज ताई नाही म्हणालात कुठे?"

"काकांनी सांगितलंय का म्हणायला?"

"नाही. तसा काही निरोप नाही."

"मग राहू दे."

आठवड्याचे सहा दिवस ती दुसऱ्यांच्या चुका तपासायची. रविवारी स्वतःच्या करायची. खरं सांगायचं असं दर शनिवारी ठरायचं. पण खरं सांगितलं की बाबा शेवटच्या एका जागेवरूनही पुसले जाणार, आणि एवढं खोटं बोलणाऱ्या मुलीच्या फाटकाशी हा कशाला थांबेल?

तिसऱ्या रविवारी त्याने तिला रोपं बांधायला शिकवली. सुतळी बांबूला घट्ट, मध्ये एक पीळ, आणि खोडाभोवती सैल फास. फासात त्याने आपलं बोट घातलं. "एक बोट जागा ठेवायची. खोड जाड होतं."

"आणि दोन बोटं ठेवली तर?"

"तर झाड म्हणेल, आधार आहे की नुसती तोंडओळख?"

ती हसली. किती दिवसांनी, ते तिने मोजलं नाही. तिने फास घातला, जागा बघायला बोट सरकवलं. त्याचं बोट अजून तिथेच होतं. दोघांनी झाडाकडेच बघत राहायचं ठरवल्यासारखं केलं.

अकराव्या रोपाशी सुतळी संपली.

"काकांनी बांधायला ठेवलंय, म्हणाले होते मला. विचारा ना."

ती आत गेली. दाराशी तारेचं भेंडोळं लटकलेलं दिसलं. तेच घेऊन आली. "तार वापरा म्हणाले."

त्याचा हात थांबला. "काका म्हणाले? तार?"

"हो."

तारेने कोवळं खोड कापलं जातं, हे वखारीत बाबांनीच त्याला ऐकवलं होतं. मऊ कापडाच्या पट्ट्या कापून ठेवल्यात हेही. त्याने ते तिला सांगितलं, हळूहळू, पहार फडक्याने पुसत.

"त्यांना हे ठाऊक नाही असं नाही. रागावलेत ते. तीन रविवार मी येतोय, तुम्ही घरात एकट्या, आणि ते एकदाही माझ्याशी बोलले नाहीत. आवडलं नसणार त्यांना. बरोबरच आहे त्यांचं." त्याने पहार खांद्यावर घेतली. "मांडव उभा आहे. पट्ट्या तेवढ्या शोधून बांधा. मी आता येत नाही."

"तसं नाहीये..."

"असू दे."

तो फाटकापर्यंत पोचला. कडी वाजली.

"बाबा वारले," ती म्हणाली.

हे शब्द तिने अजून कोणापाशीच उच्चारले नव्हते. मावशीलाही फोनवर फक्त "लवकर ये" म्हणाली होती. पुढचं मावशीने ओळखलं होतं.

त्याने पहार खाली टेकवली. "कधी?"

"बांबू निवडून आले, त्याच्या दुसऱ्या दिवशी."

तो परत आला आणि मातीतच बसला. मग बाहीने डोळे पुसले, आणि ते पाहताना तिला प्रथमच जाणवलं की बाबांसाठी रडणारं या परसात आणखी कोणी आहे.

"म्हणजे ते सगळे निरोप..."

"माझेच. चहाचासुद्धा."

"तार?"

"तारसुद्धा."

त्याला हसू आलं, पण ते नीट उमटलं नाही. तो उठला. आता आणायला निरोप नव्हता, विचारायला काका नव्हते. थांबावं की जावं ते त्याला कळेना. हात पहारीकडे गेला.

"जाऊ नकोस," ती म्हणाली. "मला या घरात फार एकटं वाटतं. तू येतोस त्या दिवशी वाटत नाही. हा बाबांचा निरोप नाही. मी सांगतेय."