बॉनेटवरच्या दोन चाव्या

सोनाली जाधव कर्जतच्या ऑफिसात आली, पण खुर्चीवर बसली नाही. खांद्यावरची जड पिशवी टेबलावर ठेवून म्हणाली, "मॅडम, मला चोर ठरवलंय. उद्या सकाळी पोलिसांत तक्रार जाणार हाय. त्याच्या आत खरं शोधा."

पौर्णिमा गायकवाड यांनी चष्मा पुसला. खासगी तपासाच्या धंद्यात येण्याआधी त्या कॉलेजच्या प्रयोगशाळेत होत्या. घाईत बोलायची सवय त्यांना लागलीच नव्हती. त्यांचा मावसभाऊ रुपेश मात्र लगेच वही उघडून बसला. आपलं डोकं जरा उशिरा चालतं हे त्याला ठाऊक होतं, म्हणून तो सगळं लिहून ठेवायचा.

सोनालीचं कुंभिवलीच्या नाक्यावर गाड्यांच्या चाव्या बनवायचं दुकान होतं. हायवेवरचे टेंपोवाले आधी हसायचे, 'बाई काय चावी बनवणार!' आता तेच रांगेत उभे राहायचे. महिन्यापूर्वी भिवपुरीच्या पॉवर हाऊसमधल्या नरेशची एक चावी हरवली. शोरूमने पंधरा दिवस सांगितले. सोनालीने त्याच्या घरी जाऊन चाळीस मिनिटांत नवी कापून, चिप गाडीशी जुळवून दिली.

"आणि या रविवारी गाडी चोरीला गेली," ती म्हणाली. "काच फुटली नाय, वायर तुटली नाय. संध्याकाळी सापडली. पण नरेशभाऊ नाक्यावर येऊन ओरडले, 'हिनं एक चावी स्वतःकडं ठेवली!' चार दिवसांत एक गिऱ्हाईक आलं नाय."

"ठेवली होती का?" पौर्णिमाताईंनी विचारलं.

सोनालीची मान ताठ झाली. "मी चावी बनवते मॅडम. चोरी करायची असती तर एवढं शिकले कशाला असते?"

भिवपुरीच्या क्वार्टर्स टेकडीच्या अंगावर आहेत. नरेशची डिझेल गाडी दारातल्या उतारावर उभी होती. तो पहिल्यापासूनच तापलेला होता.

"सापडली कुठे?" पौर्णिमाताईंनी विचारलं.

"खाली, रस्त्यावरच्या मोरीपाशी. चढ लागतो तिथं. बॅटरी पार उतरलेली, दुसऱ्या गाडीची लावून चालू केली."

"हरवलेली चावी कुठे असायची?"

"स्वयंपाकघरात, खिळ्याला. दोन्ही तिथंच."

आतून नरेशची आई जानकीबाई चहा घेऊन आल्या. "घरात बाहेरचं कोण येतंय? धाकलू येतो चहाला, आणि रविवारी माझा धाकटा, स्वप्नील. मोहोपाड्याला कंपनीत हाय तो."

धाकलू म्हणजे क्वार्टर्सचा वॉचमन. फाटकाशी बिडी विझवत तो म्हणाला, "रविवारी जेवणं झाली, सगळे आडवे झाले. मी मागं टाकीचा व्हॉल्व बंद करत होतो. गाडी चालू झाल्याचं मला ऐकू आलं नाय बघा. आन् ती तर बंदुकीसारखी चालू होते!"

"चावी बनवली त्या दिवशी तुम्ही होतात?"

"होतो की. मीच उजेडाला हातातली बॅटरी धरली होती. लय कडक बाई! नवी चावी आन् घरातली जुनी, दोन्ही बॉनेटवर ठेवायला लावल्या. बोलली, घरात आणखी असंल तर आत्ताच आणा, मागनं आणलेली चालणार नाय. आमी हसलो. मी बोललो, बाई, मंत्र मारता काय?"

"आणखी कोण होतं?"

"नरेशसायेब आन् मी. म्हातारी जाऊबाईकडं गेलती."

स्वप्नील संध्याकाळी आईने बोलावलं म्हणून आला. इस्त्रीचा शर्ट, आवाज भावापेक्षा चढा.

"हे डिटेक्टिव्ह वगैरे कशाला? चावीवालीच हाय. रस्त्यावरच्या माणसावर भरवसा ठेवायचाच नाय, मी दादाला सांगितलं होतं."

"रविवारी तुम्ही कधी निघालात?"

"जेवून. लोकल पकडली."

"चावी बनवली त्या दिवशी?"

"मी ड्युटीवर होतो. आईनं फोनवर सांगितलं, नवी चावी झाली म्हणून. एवढंच."

रुपेशने वही मिटली. "ताई, सोपं आहे. कुलूप न तोडता गाडी गेली म्हणजे चावीनं गेली. हरवलेली नाहीतर सोनालीची. पण कोणती, ते कसं कळणार?"

"गाडीलाच विचारू या रं," पौर्णिमाताई म्हणाल्या.

त्यांनी सोनालीलाही बोलावून घेतलं. सगळे दारात जमले. सोनालीने पिशवीतून मशीन काढलं आणि त्याची वायर स्टिअरिंगखालच्या खोबणीत लावली. पडद्यावर अक्षरं उमटली. पौर्णिमाताईंनी नरेशला पुढे बोलावलं.

"वाचा."

"नोंदलेल्या चाव्या... दोन."

"घरातल्या दोन्ही चाव्या आणा. एकेक लावा."

नरेशने लावल्या. दोन्हींनी इंजिन धडधडलं.

"म्हणजे गाडी चालू करील अशी तिसरी चावी जगात नाही," पौर्णिमाताई म्हणाल्या. "सोनालीने त्या दिवशी गाडीच्या मेंदूतून सगळ्या चाव्या पुसल्या आणि बॉनेटवरच्या दोनच पुन्हा शिकवल्या."

"मग गाडी गेली कशी?" नरेश गोंधळला.

"इंजिनाशिवाय. चावीत दोन गोष्टी असतात. तिचे दात कुलूप फिरवतात. डोक्यातली चिप इंजिनाला परवानगी देते. हरवलेल्या चावीची चिप मेली होती, दात शाबूत होते. चोराने दार उघडलं, स्टिअरिंग मोकळं केलं, गिअर काढला. आवाज नको म्हणून गाडी उतारावरून सोडली. धाकलूमामांना इंजिन ऐकू आलं नाही, कारण ते चालूच झालं नव्हतं. बेत असा, की मोरीपाशी, कुणाला ऐकू येणार नाही तिथे चालू करायची. तिथे तो चावी फिरवत राहिला. स्टार्टर फिरत होता, इंजिन धरत नव्हतं. बॅटरी संपली. पुढे चढ. सोनालीकडची चावी असती तर गाडी मोरीवर थांबली असती का?"

रुपेश वही विसरून ऐकत होता. "पण हरवलेली चावी कुणाकडे?"

"जानकीबाई सोडल्या तर त्या खिळ्यापर्यंत तिघांचाच हात पोचत होता. नरेशना आणि धाकलूमामांना माहीत होतं, की बॉनेटवर नसलेली चावी चालणार नाही. ती घेऊन ते कशाला गेले असते? हरवलेली चावी मेलीय हे ज्याला कुणी सांगितलंच नव्हतं, तोच फसला."

जानकीबाईंनी धाकट्याकडे पाहिलं. "स्वप्नील, खिशात काय हाय रं?"

त्याचा आवाज आता खाली आला होता. "बाबांच्या फंडातनं घेतलेली गाडी. दादानं मला एकदापण चावी दिली नाय, आई. सासरवाडीला एकदा गाडीनं जायचं होतं. चार लोकांत मान राहिला असता." त्याने चावी काढून आईच्या हातावर ठेवली.

नरेशने खाली पाहिलं. जानकीबाई सोनालीजवळ आल्या. "पोरी, तक्रार होणार नाय. घरातलं घरात मिटवू गं."

"घरातलं तुमी मिटवा, मावशी. माझं नाव नाक्यावर गेलंय, ते घरात कसं मिळेल?"

पौर्णिमाताई नरेशला म्हणाल्या, "चोरी हिच्या कामामुळे झाली नाही. हिच्या कामामुळे फसली. गाडी तुमच्या दारात आहे ती म्हणून."

दुसऱ्या दिवशी सकाळी कुंभिवलीच्या नाक्यावर नरेशने गाडी थांबवली. बरोबर स्वप्नील होता. चहाच्या टपरीवर, टेंपोवाल्यांच्या गर्दीत, नरेश चार दिवसांपूर्वीइतक्याच मोठ्यानं बोलला, "मी सोनालीताईंना चोर म्हणालो. चोर माझ्या घरात होता, आणि त्याच्या हातून गाडी वाचवली ती यांनी."

स्वप्नीलने मान खाली घातली, पण जागचा हलला नाही.

रुपेशने दुकानाकडे पाहिलं. सोनाली बाहेर आली नव्हती. काउंटरमागे उभी राहून तिने सगळं शेवटच्या शब्दापर्यंत ऐकलं. मग गर्दीतला एक टेंपोवाला चावी पुढे करत म्हणाला, "ताई, माझी पण एकच उरलीय."

"आरसी बुक आणलंय?" सोनालीने विचारलं. "नाय? मग आधी ते घेऊन या. त्याशिवाय मी हात लावत नाय."

टेंपोवाला मुकाट्यानं कागद आणायला वळला.