तिसरा गाल

"हे काटे तुमचेच का?"

मागलोननं मान वर केली. खडीच्या वाटेवर एक सायकल आडवी पडलेली, आणि तिच्याशेजारी मांडी घालून बसलेला उंच, उन्हानं नाक सोललेला एक माणूस. दोन बोटांच्या चिमटीत त्यानं सुईसारखा काळा काटा धरला होता.

"कुंपणाचे आहेत," ती म्हणाली. हातातली दाताळी मात्र तिनं हळूच पाठीमागे नेली.

"आणि कुंपण छाटलं कोणी?"

"...मी."

"छाटलेलं उचललं कोणी?"

"उचलतेच आहे की! तुम्हालाच घाई. सकाळपासून इथनं सात शेळ्या आणि एक पाद्रीबाबा गेले, कुणाची तक्रार नाही."

तो हसला. हसला तेव्हा त्याचं सोललेलं नाक आणखीच लाल दिसलं... आणि मागलोनला उगाचच वाटलं, आज ऑगस्टचं ऊन जरा जास्तच आहे.

कधीकाळी या वाटेनं रेशमाचे कोष नेणारी छोटी आगगाडी धावायची. रूळ गेले, पूल राहिले, बोगदा राहिला. रुळांच्या जागी पांढरी बारीक खडी आली आणि दोन्ही टोकांना मोटारींना बंदी. चौदा किलोमीटरची ती वाट पोंतारेल गावच्या कचेरीनं मागलोनच्या हाती सोपवली होती. खड्डे बुजवायचे, पावसानं नदीकडे पळालेली खडी ओढून आणायची, कुंपण छाटायचं. कोण येतंय हे ती न बघता सांगायची. शेळ्या आल्या की खडी कुजबुजते, म्हातारी माणसं आली की सुस्कारते, असं तिचं म्हणणं.

तिनं टायरच्या आतून बोट फिरवून आणखी दोन काटे काढले. ओढ्याच्या पाण्यात ट्यूब बुडवून बुडबुडे शोधले. तोवर त्याचं सगळं कळलं होतं. नाव मालो. सायकलवाल्यांच्या मंडळासाठी मोटारी नसलेल्या वाटांचं पुस्तक करतोय. गाव ब्रेस्ट, पार पश्चिमेला, समुद्राच्या तोंडाशी.

"ब्रेस्ट? तिथं म्हणे वर्षातून दोनदाच पाऊस पडतो. सहा-सहा महिने."

"अफवा आहे. मध्ये एक रविवार कोरडा असतो."

निघताना तो वाकला, निरोपाच्या रिवाजाप्रमाणे तिच्या गालाला एकदा गाल लावला आणि सरळ झाला. मागलोननं तोवर दुसरा गाल पुढे केलेला... तो तसाच हवेत राहिला.

"अहो, हे काय? आमच्याकडे तीन! डावा, उजवा, पुन्हा डावा."

"आमच्याकडे एकच." त्याचे कान तांबडे झाले.

"कंजूष मेले! समुद्र एवढा मोठा, आणि गाल एकच?"

सायकल सुरू झाली. मागच्या चाकावरचा पत्रा सैल होता. प्रत्येक फेऱ्याला वाजत होता. खर्र... टिक. खर्र... टिक. बोगद्यात शिरून तो आवाज विरला, तरी ती दाताळी टेकून ऐकतच उभी होती.

सप्टेंबरात तो पुन्हा आला. ऊन-पावसात खडी कशी टिकते ते बघायचंय म्हणाला. सातव्या किलोमीटरवर चेस्टनटचं मोठं झाड आहे, त्याच्याखाली दोघं बसली. तिनं बकरीच्या दुधाचं चीज काढलं, त्यानं पाव. तो वहीत लिहीत होता.

"काय लिहिलंत?"

"खडी बारीक. चाक गात जातं."

"आणि ही टिकटिक? द्या, स्क्रू आवळून देते."

"राहू द्या." तो वहीतून मान वर न करता म्हणाला. "तुम्हाला कळायला हवं ना, कोण येतंय."

मागलोनच्या हातातला पावाचा तुकडा तसाच राहिला.

त्या दिवशी निरोपाला गाल दोनदा टेकले. तिसऱ्याला तो थांबला, ओशाळून म्हणाला, "एकदम तीन झेपायचे नाहीत. ब्रेस्टचा माणूस मी... हळूहळू."

मग ऑक्टोबर. गाव चेस्टनट झोडपायला डोंगरावर गेलं. शेजारच्या मादाम आरनाल, सत्तरीच्या, पण आवाज अजून खणखणीत. त्या पुढे गायच्या आणि बाया मागून झेलायच्या:

शेंड्याला ठेवू बाई, एक बोंड राखणीला,
गेलेल्या हंगामाला गं, खूण असू दे परतीला...

पोंतारेलमध्ये चेस्टनटचं शेवटचं काटेरी बोंड कुणी पाडत नाही. सगळं गोळा झालं तरी एक फांदीला ठेवायचंच. सगळं घेतलं, तर परत यायला कारण काय उरलं?

महिन्याच्या अखेरीला टिकटिक ऐकू आली. पण या खेपेला सायकलीवर चारही पिशव्या भरलेल्या होत्या.

"इकडचं काम संपलं," मालो म्हणाला. "आता उत्तरेकडच्या वाटा. मग घरी."

"हो का..." तिनं खडी ओढली. जिथं खड्डा नव्हता तिथंच ओढली.

"मागलोन."

पहिल्यांदा नुसतं नाव घेतलं त्यानं. तिनं दाताळी झाडाला टेकवली. तो वाकला. डावा. उजवा. आणि तिसऱ्यासाठी त्याचा चेहरा जवळ आला, इतका जवळ की त्याचा श्वास अडखळलेला तिला कळला. त्याच क्षणी तिच्या मनात ते शेंड्याचं बोंड हललं. तिनं त्याच्या छातीवर हात ठेवला.

"नको... हा राहू दे."

मालो मागे सरकला. मग हळू म्हणाला, "बरं. चुकलं माझं. माफ करा." आणि सायकलवर बसला. मागे वळून पाहिलं नाही. खर्र... टिक.

ती हसतच उभी होती, वेडी! तिला वाटलं, त्याला कळलं.

नोव्हेंबर गेला. नाताळ गेला. पत्र नाही, निरोप नाही. वाटेवर बर्फाचा पातळ पापुद्रा धरला, त्याच्यावर कोल्ह्याची तेवढी पावलं. फेब्रुवारीत कचेरीत पुस्तक आलं. तिनं उभ्याउभ्या सातवा किलोमीटर काढला. 'खडी उत्तम. सावली आहे. काटे नाहीत.' बस्स, एवढंच. चाक गात जातं, ते सुद्धा नाही.

"तू नेमकं म्हणालीस काय त्याला?" मादाम आरनाल यांनी चुलीपुढे तिला बसवून विचारलं.

"हा राहू दे म्हणाले. म्हणजे... बोंड ठेवतो तसं."

म्हातारीनं कपाळावर हात मारला. "अगं पोरी! ज्यांच्या गावात चेस्टनटचं झाड नाही, त्यांना काय ठाऊक आपलं बोंड? त्याला तू हाकलून दिलंस!"

मागलोनच्या हातातली वाटी कलंडली. चार महिने ती त्याची वाट बघत होती... आणि तो चार महिने तिचा नकार उराशी घेऊन फिरत होता.

पुस्तकाच्या शेवटी एक कार्ड होतं. 'वाटेत काही बदल असल्यास लेखकाला कळवा.' तिनं पेन्सिलला टोक केलं.

'किलोमीटर सात. खडी ठीक. चेस्टनटच्या शेंड्याला एक बोंड आहे. इकडे सगळं काढत नाहीत. परत येणाऱ्यासाठी एक ठेवतात. ऑक्टोबरात मी तेच ठेवलं होतं. आपण यावे.'

'आपण यावे' तिनं खोडलं. 'तुम्ही या' लिहिलं. तेही खोडलं. मग कार्डावर जेवढी जागा उरली, त्यात एकच अक्षर मावलं.

'ये.'

मार्चचा वारा आला आणि शेंड्याचं बोंड पडलं. एप्रिलात डोंगर पिवळ्या फुलांनी भरला. मागलोन चेस्टनटखाली खड्डा बुजवत होती, तेव्हा बोगद्याच्या तोंडाशी खडी वाजली.

खर्र... टिक. खर्र... टिक.

तिनं मान वर केली नाही. केली असती तर डोळे दिसले असते.

"सातव्या किलोमीटरची पाहणी करायला आलोय," डोक्यावरून आवाज आला. "कार्ड माझ्यामागे चार गावं फिरलं. मिळालं त्याच सकाळी निघालो."

"आणि ही टिकटिक? अख्ख्या हिवाळ्यात स्क्रू आवळता आला नाही?"

"आवळला होता. बोगद्यापलीकडे थांबून आत्ता सैल केला." मालो थांबला. "तुला कळायला हवं ना, कोण येतंय."

तुला. दाताळी कधी सुटली, तिला कळलंच नाही.

त्यानं राहिलेला तिसरा गाल टेकला, आणि लवकर काढलाच नाही. खडीवर कुंपणाची फुलं पडत होती, पडू दिली. मग त्यानं हळूच दुसरा गाल टेकला.

"हा चौथा होतो," ती पुटपुटली. "आमच्याकडे तीनच."

"ब्रेस्टच्या माणसाला मोजता येत नाही. शिकवशील?"

"वेळ लागेल."

"किती?"

तिनं वर पाहिलं. फांद्यांना नुकती कोवळी पानं फुटत होती, बोटाच्या पेराएवढी.

"बोंडं धरेपर्यंत," ती म्हणाली. "मग झोडपेपर्यंत. आणि मग... पुन्हा एक ठेवेपर्यंत."