डावं मागचं चाक

ही घटना खरी आहे. ऐकीव नाही, मी त्या गाडीत बसलो होतो. वर्तमानपत्रात बातम्या लिहिणं हे माझं काम. जे पाहिलं तेवढंच लिहितो. जे कळलं नाही, ते कळलं नाही असंच लिहितो.

नोव्हेंबर २०१६. पनवेल. शुक्रवारची दुपार, लख्ख ऊन.

माझा मोठा भाऊ नावेद कुवेतहून कायमचा परतला होता. आल्या आल्या त्याने एक जुनी मोठी गाडी घेतली. प्रत्येक चाकात सेन्सर. चारही चाकांमधली हवा पुढच्या पडद्यावर आकड्यांत दिसायची.

पहिल्या आठवड्यापासून डावं मागचं चाक हवा कमी दाखवू लागलं.

हवा भरली की इशाऱ्याचा दिवा विझायचा. घरी येईपर्यंत पुन्हा लागायचा...

पळस्प्याच्या जगन पंक्चरवाल्याने मीटर लावला. "हवा बरोबर हाय, नावेदभाय. तुमचा सेन्सर खोटं बोलतंय." तरी त्याने चाक उघडलं. खिळा नाही, पंक्चर नाही.

आतून फक्त वास आला. ओला कपडा कित्येक दिवस बंद ठेवल्यासारखा.

जगनने तोंड फिरवलं.

नवा सेन्सर मागवायचा तर महिनाभर थांबावं लागणार होतं. ताहिराभाभी म्हणाली, तोवर गाडी उभी राहू दे, युम्नाला तीत बसवायचं नाही. युम्ना त्यांची एकुलती एक मुलगी, सात वर्षांची.

"दिव्याला घाबरतेस तर लग्नाच्या मांडवातही जाऊ नकोस," नावेद आमच्या सगळ्यांसमोर म्हणाला. "तिथं शंभर असतात."

तिकडे गल्फमध्ये एक जुगाड चालतो म्हणे. चारही सेन्सर चाकांतून काढायचे आणि प्लास्टिकच्या जाड पाइपात घालायचे. पाइप दोन्हीकडून बंद करून त्यात हवा भरायची, डिकीत टाकायचा. गाडीला वाटतं चाकं ठीक आहेत. नावेदने जगनकडून तसा पाइप करून घेतला.

बत्तीस. बत्तीस. बत्तीस. बत्तीस.

त्याच दुपारी, नमाज झाल्यावर, त्याने मुद्दाम युम्नाला मागे डावीकडे बसवलं आणि पेणच्या दिशेने गाडी काढली. शेजारी मी. भाभी दारातून आत निघून गेली.

गोवा रस्त्याला लागल्यावर युम्ना म्हणाली, "अब्बा, हिला सरकायला सांगा."

नावेद म्हणाला, बॅग असेल, ढकल तिकडे.

मी मागे पाहिलं. बॅग नव्हती. सीट रिकामी होती. युम्ना खांदा आक्रसून दाराला चिकटली होती.

मग माझी नजर पडद्यावर गेली...

डावं मागचं, तीस. बाकी तिन्ही बत्तीस.

एकाच पाइपातली हवा. तिघांना पूर्ण आणि एकालाच कमी, कशी?

मी नावेदला दाखवलं. "तो सेन्सर खराबच आहे, शाहीद. याची खबर बनवू नकोस."

सव्वीस.

बावीस.

मागून आवाज येऊ लागला. बारीक, शिट्टीसारखा... मला वाटलं काच थोडी उघडी राहिली असेल. काच बंद होती.

तो युम्नाचा श्वास होता.

तिचे ओठ निळे पडले होते. गळ्यावरून काहीतरी सोडवावं तशी ती दोन्ही हातांनी ओढत होती. गळ्यावर काहीच नव्हतं.

चौदा...

नावेदने गाडी कडेला घातली. मी उतरून तिचं दार ओढलं. लॉक उघडं होतं, तरी दार हलेना. ओढलं की तेवढ्याच जोराने आतून ओढलं जात होतं. नावेद उजवीकडून आत घुसला, त्याने तिला कमरेला धरलं.

"सोड तिला," तो म्हणाला.

कुणाला म्हणाला, हे मी त्याला कधीच विचारलेलं नाही.

युम्ना बाहेर आली आणि रडली. पडद्यावरचा आकडा चढत बत्तीसवर गेला.

नावेदने डिकीतला पाइप काढून त्यातली सगळी हवा सोडली. थोड्या वेळाने तीन आकडे शून्यावर आले.

चौथा आला नाही.

एकतीस... बत्तीस... एकतीस... बत्तीस...

संथ. कुणाची तरी छाती हलावी तसा.

डॉक्टरांना दम्याचं लक्षण सापडलं नाही. युम्नाच्या उजव्या खांद्यावर, रिकाम्या सीटच्या बाजूला, दाबल्याचा काळानिळा डाग होता. तो कशाचा, ते त्यांनाही सांगता आलं नाही.

भाभीने एकच गोष्ट मागितली. गाडी विकायची नाही, मोडायची. दुसऱ्या कुणाचं मूल तीत बसता कामा नये. नावेद हो म्हणाला. दोन आठवड्यांनी गाडी दारात नव्हती.

मी भंगारवाल्याकडे गेलो. अशी गाडी त्याच्याकडे आलीच नव्हती.

"इंजिन चांगलं होतं," नावेद म्हणाला. "शाळेच्या मुलांची ने-आण करणारा एक जण घेऊन गेला."

नाव विचारलं. आठवत नाही म्हणाला. भाभी युम्नाला घेऊन माहेरी जासईला गेली. ती अजून परतलेली नाही. आम्ही भाऊ एकमेकांशी बोलत नाही.

पुढच्या जूनमध्ये, सकाळी, बेलपाड्याच्या वळणावर ती गाडी माझ्या बाजूने गेली. मी हात केला. थांबली नाही.

मागच्या सीटवर पाच मुलं होती. पाचही उजव्या दाराशी, एकमेकांच्या मांडीवर, चेंगरून बसलेली. डावी बाजू मोकळी होती.

आणि मुलं असूनही आतून कसलाही आवाज येत नव्हता.